आधी मोनोसाइट दिसतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत ‘पांढऱ्या पेशी झटपट वाढवा’ या मथळ्याचा लेख आला होता. माझ्या धाकट्या बहिणीने तो कापून उशीखाली ठेवला होता. तिची स्तनाच्या कर्करोगासाठी केमो चालू आहे. दुसऱ्या केमोनंतर अकराव्या दिवशी तिचा पांढऱ्या पेशींचा काउंट 900 आला. त्या संध्याकाळी तिने ते कात्रण माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, “ताई, यातलं सगळं करतेय गं मी. मग मी कमी कुठे पडतेय?”

हे पत्र मी त्या प्रश्नापायी लिहिते आहे. केमो घेणाऱ्या बाईला औषधाचा त्रास असतोच. त्यावर ‘तुझ्या पेशी वाढत नाहीत कारण तू प्रयत्न करत नाहीस’ असं ओझं तिच्यावर टाकायचा अधिकार कुणालाच नाही. लेखकाचा तसा हेतू नसेल. पण आजारी माणूस मथळा वाचतो आणि तो स्वतःला लावून घेतो.

मी 31 वर्षं एका रुग्णालयाच्या रक्तप्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. सुरुवातीच्या काळात आमच्याकडे यंत्र नव्हतं, पांढऱ्या पेशी हातानेच मोजायच्या. रक्त वीसपट पातळ करायचं, रेघांच्या काचेवर, म्हणजे न्यूबाउर चेंबरवर सोडायचं, चार कोपऱ्यांतल्या चौकोनांतल्या पेशी मोजायच्या आणि आलेल्या आकड्याला 50 ने गुणायचं. चार चौकोनांत 140 दिसल्या की काउंट 7000. केमोच्या रुग्णाच्या चार चौकोनांत कधीकधी आठच पेशी दिसत. आठ म्हणजे 400. मी पुन्हा मोजायची, पुन्हा आठच. मग काचपट्टी रंगवून कोणत्या जातीच्या पेशी किती, हे पाहायचं. त्यासाठी शंभर पेशी मोजायच्या असतात. निरोगी माणसाच्या काचपट्टीवर हे काम काही मिनिटांत होतं. 400 काउंट असलेल्या माणसाच्या दोन-दोन पट्ट्या कडेपासून कडेपर्यंत धुंडाळल्या तरी पन्नास मिळायची मारामार. त्या रिकाम्या काचेवरून नजर फिरवताना पलंगावरच्या माणसाची काळजी वाटायची, तशी यंत्राने छापलेला आकडा वाचताना वाटत नाही.

त्या लेखात या पेशी कुठे बनतात आणि कुणाच्या सांगण्यावरून बनतात याबद्दल एक ओळही नव्हती. ते कळलं की ‘झटपट वाढवा’ म्हणावंसंच वाटत नाही. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

काउंट पडला म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा न्यूट्रोफिल पडलेले असतात. प्रौढ माणसाच्या पांढऱ्या पेशींत निम्म्याहून जास्त याच असतात आणि जिवाणू-बुरशीशी पहिली झुंज त्याच घेतात. निरोगी शरीर दररोज सुमारे 100 अब्ज न्यूट्रोफिल घडवतं. रक्तात त्या काही तास, फार तर एखाद-दोन दिवस राहतात. म्हणजे हाडांच्या आतली मज्जा एक दिवसही सुट्टी घेऊ शकत नाही. केमोचं औषध विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतं, आणि मज्जेत तर विभाजनाशिवाय दुसरं कामच नाही. तरीही काउंट लगेच पडत नाही. विभाजन संपून पक्व होत असलेल्या पेशींचा मोठा साठा मज्जेत असतो आणि तो औषधाला सहसा बळी पडत नाही. पहिले पाच-सात दिवस शरीर त्या साठ्यावर चालतं. माझी बहीण सहाव्या दिवशी घरभर हिंडत होती, म्हणाली, यावेळी मला काहीच झालं नाही. साठा संपला की नवी खेप अजून तयार नसते. म्हणून साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत काउंट तळाला जातो आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत वर येतो. अकराव्या दिवसाचा 900 हा तिच्या प्रयत्नांवर शेरा नव्हता. त्या औषधाचं ते वेळापत्रकच आहे.

आता मज्जेला नवी खेप काढायला सांगतं कोण? याचं उत्तर शोधायला माणसाला पंचवीस वर्षं लागली. 1960च्या दशकात इस्राएलमध्ये प्लुझनिक आणि सॅक्स यांनी, आणि त्यांच्याशी संबंध नसताना ऑस्ट्रेलियात मेलबर्नला ब्रॅडली आणि मेटकाफ यांनी, उंदराच्या मज्जेतल्या पेशी अगारच्या, म्हणजे जेलीसारख्या, मऊ थरात वाढवल्या. नुसत्या ठेवल्या तर त्या मरत. दुसऱ्या पेशींचा थर खाली असला तर एकेका पेशीपासून पांढऱ्या पेशींची वसाहत उभी राही. म्हणजे खालच्या पेशी काहीतरी सोडत होत्या. त्या ‘काहीतरी’ला ‘वसाहत वाढवणारा घटक’ असं नाव पडलं. पण ते द्रव्य इतकं अत्यल्प असतं की शुद्ध करून हातात यायला 1980चं दशक उजाडलं. मानवी जी-सीएसएफ, म्हणजे न्यूट्रोफिल वाढवणारा असा घटक, कार्ल वेल्टे आणि सहकाऱ्यांनी मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींनी सोडलेल्या द्रवातून 1985 मध्ये वेगळा केला. कर्करोगाच्या पेशींनीच तो रेणू हाती दिला, याचं मला आजही नवल वाटतं. 1986 मध्ये त्याचं जनुक मिळालं, ते जिवाणूंत घालून तो बनवता येऊ लागला, आणि 1991 मध्ये अमेरिकेत फिलग्रास्टिम या नावाने औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली. मेटकाफ 2014 मध्ये गेले. ज्यांना ज्यांना केमोत हे इंजेक्शन मिळालं त्यांच्यावर या माणसाचे उपकार आहेत. त्यांचं नाव आपल्या वाचकांना माहीत असावं असं मला वाटतं.

अशा निरोपाच्या रेणूंना सायटोकाइन म्हणतात. एक पेशी सोडते, दुसरीच्या पृष्ठभागावरचा ग्राहक (रिसेप्टर) तो पकडतो आणि तिच्या आत जनुकं चालू-बंद होतात. जंतुसंसर्गाची चाहूल लागली की रक्तवाहिन्यांचं अस्तर, भक्षक पेशी, मज्जेतल्या आधारपेशी जी-सीएसएफ सोडतात. मज्जेतल्या पूर्वज पेशी त्यामुळे जास्त वेळा विभागतात, पक्व व्हायला कमी दिवस घेतात आणि मधल्यामध्ये मरत नाहीत. शिवाय मज्जेत पेशींना धरून ठेवणारा सीएक्ससीएल-12 नावाचा आणखी एक रेणू असतो. जी-सीएसएफमुळे तो कमी होतो, पकड सुटते आणि पेशी रक्तात उतरतात. संसर्गात काचपट्टीवर आम्हाला वाकड्या पट्टीसारखं केंद्रक असलेले अर्धेकच्चे न्यूट्रोफिल दिसायचे, ते याच घाईने बाहेर पडलेले. जी-सीएसएफ हा एकटाच निरोप आहे असंही नाही. 1994 मध्ये ज्या उंदरांत त्याचं जनुकच काढून टाकलं, त्यांच्यात न्यूट्रोफिल नेहमीच्या पाव हिश्शाच्या आसपास उरले, पण शून्य झाले नाहीत.

आता त्या लेखात पूर्णच राहिलेली गोष्ट. ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. या निरोपाला लगाम असतो.

न्यूट्रोफिल आपलं काम संपवून ऊतींमध्ये मरतात. तिथल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात. गिळलं की त्या भक्षक पेशी इंटरल्युकिन-23 नावाचा सायटोकाइन कमी सोडतात. तो कमी झाला की काही लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींची दुसरी एक जात) इंटरल्युकिन-17 कमी सोडतात. तो कमी झाला की जी-सीएसएफ कमी होतो, आणि मज्जा आपला वेग उतरवते. म्हणजे शरीर रक्तातला आकडा बघतच नाही म्हटलं तरी चालेल. आपले शिपाई शेवटच्या ठिकाणी पोचले की नाही, याची ते नोंद ठेवतं. हे 2005 च्या सुमारास उंदरांवरच्या कामातून उलगडलं. ते मी वाचलं तेव्हा मला अनेक वर्षांपूर्वीची एक काचपट्टी आठवली. लहान मूल होतं. काउंट 40,000च्या वर, काच न्यूट्रोफिलनी गच्च भरलेली, आणि मूल मात्र एकामागून एक संसर्गांनी बेजार. कुठे जखम झाली तरी पू म्हणून नाही. त्याच्या न्यूट्रोफिलना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर पडताच येत नव्हतं. जन्मजात दोष होता. ऊतींत एकही पेशी पोचत नाही, गिळायला काही नाही, म्हणून ‘आणखी पाठवा’ हा निरोप थांबतच नव्हता. ज्याला पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे ताकद वाढली असं वाटतं, त्याला ती काचपट्टी दाखवायला हवी होती. जास्त न्यूट्रोफिल म्हणजे जास्त संरक्षण नव्हे, आणि भलत्या ठिकाणी चवताळलेले न्यूट्रोफिल फुप्फुसं आणि सांधे यांचं नुकसानही करतात.

याच लगामाचा उपयोग एका औषधात फार सुंदर केला आहे. साधं फिलग्रास्टिम मूत्रपिंडातून लवकर निघून जातं, म्हणून रोज टोचावं लागतं. 2002 मध्ये आलेल्या पेगफिलग्रास्टिममध्ये त्या रेणूला एक लांब साखळी जोडली आहे, त्यामुळे मूत्रपिंडं त्याला बाहेर टाकू शकत नाहीत. मग ते रक्तातून जातं कसं? न्यूट्रोफिलच त्याला आपल्या ग्राहकावर पकडून आत घेतात आणि संपवतात. न्यूट्रोफिल नसतील तोवर औषध टिकून राहतं, आणि ते भरून आले की औषध आपोआप उतरतं. एका केमोला एकच इंजेक्शन पुरतं ते यामुळे.

बहिणीला तिसऱ्या केमोनंतर हे इंजेक्शन द्यायचं ठरलं. ती म्हणाली, केमोच्या दिवशीच टोचून घेऊ, पुन्हा फेरी कशाला? हा प्रश्न पुष्कळजण विचारतात. केमोनंतर किमान 24 तास थांबायचं असतं. निरोप मिळाला की मज्जेतल्या पेशी विभागायला लागतात, आणि औषध अजून रक्तात असेल तर नेमक्या त्याच पेशी त्याच्या तावडीत सापडतात. दुसऱ्या दिवशी इंजेक्शन झालं. त्यानंतर दोन दिवसांनी तिची छातीची मधली फळी आणि कंबर आतून ठणकू लागली. तिने ते कुणाला सांगितलं नाही. कर्करोग हाडांत गेला असं तिच्या मनाने घेतलं होतं, आणि दोन रात्री ती तशीच जागी राहिली. हाडं दुखणं हा या औषधाचा नेहमीचा परिणाम आहे, मज्जा जोरात कामाला लागली की असं दुखतं. डॉक्टरांनी सांगितलेल्या साध्या वेदनाशामकाने ते उतरलं. इंजेक्शन टोचताना कुणी एक वाक्य सांगितलं असतं तर त्या दोन रात्री वाचल्या असत्या. मीही सांगितलं नाही, याची मला खंत आहे. मी आयुष्यभर काचपट्टीच्या बाजूला बसले, पलंगाच्या बाजूला काय होतं ते मला आता कळतं आहे.

पण दुसऱ्या केमोचा तो अकरावा दिवस राहिलाच. ज्या प्रयोगशाळेत तिचं रक्त तपासलं तिथे मी शिकवलेली एक मुलगी काम करते. तिने मला काचपट्टी पाहू दिली. पन्नास पेशी मोजल्या: दहा न्यूट्रोफिल, चौदा मोनोसाइट (ही पांढऱ्या पेशींची आणखी एक जात), बाकीचे लिम्फोसाइट. 900 चा पाचवा हिस्सा म्हणजे न्यूट्रोफिल 180. 500च्या खाली धोका मोठा असतो, तेव्हा 180 पाहून माझ्या पोटात खड्डा पडला. पण चौदा मोनोसाइट पाहून धीरही आला. एरवी शंभरात दोन ते दहा असतात, इथे पन्नासातच चौदा. मोनोसाइटचा मज्जेत फारसा साठा होत नाही, तयार झाले की ते थेट रक्तात येतात. म्हणून मज्जा जागी झाल्याची पहिली खूण तेच देतात आणि न्यूट्रोफिल दोन-चार दिवस मागून येतात. आम्ही जुने तंत्रज्ञ रिपोर्टच्या आकड्याआधी हे बघायचो. मी घरी जाऊन बहिणीला सांगितलं, “निघालेत गं, वाटेत आहेत.”

त्याच रात्री तिला ताप आला, 101. ती म्हणाली, सकाळी बघू, एवढ्या रात्री कुणाची झोप मोडायची. मी ऐकलं नाही. न्यूट्रोफिल नसताना लाली, सूज, पू यातलं काहीच नीट होत नाही, कारण ते सगळं न्यूट्रोफिलच घडवतात. तापाशिवाय शरीराकडे दुसरी हाक नसते. पोचल्यावर तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू झालं. तीन दिवस ठेवून घेतलं. पंधराव्या दिवशी न्यूट्रोफिल 1,200.

या सगळ्यात सर्वाधिक जीव वाचवणारी गोष्ट ती रात्रीची धावपळ होती. आपल्या लेखात तापाचा उल्लेखही नाही.

आणखी एक गैरसमज. काउंट 5,000 झाला म्हणजे सगळं पूर्ववत झालं असं लोक समजतात. तो काउंट मुख्यतः न्यूट्रोफिलचा असतो. लिम्फोसाइटचं गणित वेगळं आहे. त्यांच्यासाठी इंटरल्युकिन-7 लागतो, जो 1988 मध्ये ओळखला गेला. तो मज्जा, थायमस (छातीतली एक ग्रंथी) आणि लसिका ग्रंथींतल्या आधारपेशी बऱ्याच अंशी ठरावीक गतीने सोडत राहतात आणि टी लिम्फोसाइट (थायमसमध्ये पक्व होणारे) तो वापरून संपवतात. लिम्फोसाइट कमी झाले की वापरणारे कमी, म्हणून इंटरल्युकिन-7 साचतो, आणि उरलेल्या पेशी त्यावर विभागून संख्या भरून काढतात. पण अशाने भरते ती संख्या. निरनिराळे जंतू ओळखणाऱ्या पेशींची विविधता यायला थायमसमधून नव्या पेशी यायला हव्यात, आणि थायमस वयाबरोबर आटत जातो. त्यामुळे मज्जारोपण झालेल्या प्रौढांत न्यूट्रोफिल काही आठवड्यांत येतात, नैसर्गिक मारक पेशी इंटरल्युकिन-15 च्या जोरावर महिन्याभरात येतात, पण सीडी-4 टी पेशी (टी लिम्फोसाइटचीच एक जात) भरायला वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. म्हणून अशा रुग्णांना बालपणीच्या लसी पुन्हा घ्याव्या लागतात. रिपोर्ट चांगला असूनही डॉक्टर गर्दी टाळायला सांगतात, ते उगीच नव्हे.

विषाणूच्या तापात काउंट 3,000 वर आला की घाबरून फोन करणारे ओळखीचे लोक मला अजून भेटतात. विषाणूशी लढताना शरीर इंटरफेरॉन नावाचा सायटोकाइन सोडतं (1957 मध्ये आयझॅक्स आणि लिंडनमान यांनी तो शोधला) आणि मज्जेचा वेग मंदावणं हा त्याचा एक परिणाम असतो. कावीळ ‘सी’साठी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत, तेव्हा त्या रुग्णांचे काउंट पडताना मी स्वतः मोजले आहेत. साध्या विषाणूजन्य तापात हा काउंट बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत आपणहून वर येतो. आला नाही तर किंवा फारच खाली गेला तर डॉक्टर बघतीलच.

माझं आपल्याकडे मागणं दोनच गोष्टींचं आहे. ‘झटपट वाढवा’ हा शब्दप्रयोग या विषयात पुन्हा छापू नये. आणि पुरवणीत एक लहान चौकट द्यावी: केमो चालू असताना ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला तर वेळ न बघता, घरी तापाची गोळी घेऊन वाट न बघता, आपल्या उपचार केंद्राला तत्काळ कळवावे आणि शेवटची केमो कोणत्या तारखेला झाली ते प्रथम सांगावे. एवढंच पुरे. मजकूर मी लिहून सोबत जोडला आहे, बहिणीच्या डॉक्टरांनी तो पाहून दोन शब्द दुरुस्त केले आहेत. तिची चौथी केमो पुढच्या आठवड्यात आहे. त्याआधीच्या अंकात छापता आला तर बरं होईल.

आपली,
एक निवृत्त रक्तप्रयोगशाळा तंत्रज्ञ